दात काढल्यावर न भरणारी जबड्याची जखम: हाडांची औषधं चालू असणाऱ्यांसाठी

दंतवक्र (मुख्य धागा)

या विषयावर दोन टोकाची वागणूक दिसते. काही जण "हाडाचं इंजेक्शन घेतलंय, आता जन्मात दात काढायचा नाही" म्हणत पू झालेली दाढ तोंडात सांभाळत बसतात. काही जण औषधाचा उल्लेखसुद्धा न करता थेट दातांच्या खुर्चीत जाऊन बसतात. दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होऊ शकतो, म्हणून हा धागा काढतोय. इथे औषधशास्त्र, जबड्याची शस्त्रक्रिया आणि कर्करोग शुश्रूषा यातली मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी, चूक दिसली तर कान धरावा.

औषधामुळे जबड्याचं हाड मरतं आणि जखम भरत नाही, या त्रासाला वैद्यकीय कागदांवर एमआरओएनजे लिहितात. निदानासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, रुग्णाने हाडाची झीज रोखणारं औषध घेतलेलं आहे किंवा घेत आहे. दुसरी, जबड्याचं हाड उघडं दिसतंय, किंवा हिरडीतल्या वा गालावरच्या भोकातून सळई घातली तर हाडाला टेकते, आणि हे आठ आठवड्यांहून जास्त काळ तसंच आहे. तिसरी, जबड्याला किरणोपचार झालेले नाहीत आणि कर्करोगाची गाठ जबड्यात पसरलेली नाही. किरणोपचार झाले असतील तर तो आजार वेगळा, उपचारही वेगळे.

औषधं कोणती? अॅलेंड्रोनेट (आठवड्याला ७० मिग्रॅची गोळी), रायसेड्रोनेट (आठवड्याला ३५ मिग्रॅ किंवा महिन्याला १५० मिग्रॅ), आयबँड्रोनेट (महिन्याला १५० मिग्रॅ), झोलेड्रोनिक अॅसिड (शिरेतून) आणि डेनोसुमॅब (कातडीखाली). रोमोसोझुमॅब हे त्यातलं नवीन. कर्करोगातली बेव्हॅसिझुमॅब, सुनिटिनिब यांसारखी रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधंही या यादीत येतात, विशेषतः वरच्यांपैकी एखाद्याच्या जोडीला दिली तर.

हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि नव्याने भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. ही औषधं त्यांनाच आवरतात, त्यामुळे मणका आणि खुबा वाचतो. पण दात काढल्यावर खोबणीच्या कडेचं खराब झालेलं हाड खरवडून काढायलाही त्याच पेशी लागतात. त्या आल्या नाहीत की मेलेला तुकडा जागेवरच राहतो, त्याच्यावर हिरडी चढत नाही आणि तोंडातले जंतू त्यावर वस्ती करतात. जबड्यालाच हे का होतं? कारण इथलं हाड जलद बदलतं, वर हिरडीचं पातळ आवरण, चावण्याचा ताण रोजचा, आणि दाताच्या मुळाशी जंतूंना थेट हाडापर्यंत वाट. चारपैकी साधारण तीन प्रकरणं खालच्या जबड्यात होतात.

पापुद्रा

छान धागा. एक सरळ प्रश्न. समजा सत्तरीच्या बाई आहेत, सात वर्षं आठवड्याची अॅलेंड्रोनेट चालू आहे, खालची दाढ काढायची आहे. तीन महिने गोळी बंद ठेवून मग काढायची, असं सर्रास सांगितलं जातं. त्याने खरंच फरक पडतो का?

मात्रा

@पापुद्रा, पटण्यासारखा फरक दाखवणारा पुरावा नाही, आणि औषध शरीरात कसं वागतं ते पाहिलं तर तो असेल अशी अपेक्षाही कमीच.

अॅलेंड्रोनेटच्या गोळीचा एक टक्काही भाग आतड्यातून शोषला जात नाही. जो जातो त्यातला साधारण निम्मा लघवीवाटे निघतो, उरलेला हाडाच्या खनिजाला चिकटतो. रक्तातून ते काही तासांत नाहीसं होतं, हाडात मात्र दहा वर्षांच्या आसपास टिकतं. सात वर्षं साठलेलं औषध तीन महिन्यांत कुठे जाणार? "थांबवण्याने नवीन कोवळ्या हाडात तरी औषध जाणार नाही" हा बचावाचा युक्तिवाद आहे, म्हणूनच तज्ज्ञांत आजही एकमत नाही. अमेरिकी जबडा शल्यविशारदांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही या एका मुद्द्यावर समितीत दुमत नोंदवलंय. स्कॉटलंडचं २०१७ चं दंत मार्गदर्शन तर सरळ म्हणतं की त्यासाठी औषध थांबवू नका.

आकडेही डोळ्यांपुढे असू देत. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल बिस्फॉस्फोनेट (वरच्या यादीतली -ड्रोनेट नावाची औषधं आणि झोलेड्रोनिक यांचा गट) घेणाऱ्या दर दहा हजारांत साधारण दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. दात काढल्यावर तो ०.१५ टक्क्यांपर्यंत जातो असं सांगतात. कर्करोगासाठी झोलेड्रोनिक चालू असणाऱ्यांत पाच टक्क्यांच्या आत, पण दात काढल्यावर वेगवेगळ्या अभ्यासांत १.६ पासून १४.८ टक्क्यांपर्यंत. या दोन गटांना एकाच मापाने मोजणं ही सगळ्यात मोठी चूक आहे.

दंतवक्र

पूर्ण सहमत. आणि कारण मात्रेत आहे. हाड ठिसूळ असेल तर झोलेड्रोनिक ५ मिग्रॅ वर्षातून एकदा. कर्करोगात ४ मिग्रॅ दर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला ५० मिग्रॅच्या घरात. दहापट. हल्ली बऱ्याच रुग्णांना ते दर १२ आठवड्यांनी देतात, मग फरक कमी होतो. डेनोसुमॅबचंही तसंच: ६० मिग्रॅ सहा महिन्यांनी, आणि कर्करोगात १२० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी.

सळई

मग डेनोसुमॅबला पण "थांबवून उपयोग नाही" हाच नियम का?

मात्रा

उलट! डेनोसुमॅबला वेगळा कप्पा द्यायलाच हवा, आणि इथली चूक जास्त महागात पडते.

हे औषध हाडात साठत नाही. ऑस्टिओक्लास्ट तयार होण्यासाठी जो निरोप लागतो (रँकल नावाचं प्रथिन) तो ते रक्तातच अडवतं. अर्धायुष्य २६ दिवसांच्या आसपास, परिणाम साधारण सहा महिने. तो ओसरला की अडून राहिलेल्या पेशी एकदम कामाला लागतात आणि हाडाची झीज उसळते. इंजेक्शन सात महिन्यांपलीकडे लांबलं तर एकापेक्षा जास्त मणके दबून मोडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून "दाताचं काम आहे, या वेळचं इंजेक्शन राहू दे" असं परस्पर ठरवायचं नाही.

त्याऐवजी तारखा जुळवायच्या. शेवटच्या ६० मिग्रॅच्या इंजेक्शनानंतर तीन-चार महिन्यांनी दात काढायचा. तेव्हा औषधाचा जोर उतरणीला लागलेला असतो आणि पुढच्या डोसापर्यंत किमान सहा ते आठ आठवडे जखम भरायला मिळतात. समजा इंजेक्शन १ जानेवारीला झालं, तर एप्रिलमध्ये दात, आणि १ जुलैचं इंजेक्शन वेळेवर. काहीच थांबवलं नाही, फक्त जागा शोधली.

अर्थात गालावर सूज असेल, ताप असेल, तर कॅलेंडर बघत बसायचं नाही.

कडेचा पेशंट

रक्तातली सीटीएक्स तपासणी (हाडाची झीज मोजणारी) करून धोका कळतो ना? १०० च्या खाली असेल तर दात काढू नये असं वाचलंय.

दंतवक्र

हा आकडा २००७ च्या सुमारास रॉबर्ट मार्क्स यांच्या लेखनातून आला. याच मार्क्स यांनी २००३ मध्ये पामिड्रोनेट (हेही बिस्फॉस्फोनेटच) आणि झोलेड्रोनिक घेणाऱ्या ३६ रुग्णांच्या जबड्याबद्दल पहिल्यांदा सावध केलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण नंतरच्या कामात सीटीएक्सवरून कुणाला त्रास होईल ते नीट ओळखता आलं नाही. ही तपासणी संपूर्ण सांगाड्यातली झीज सांगते, एका दाढेच्या खोबणीची नाही. शिवाय वेळ, जेवण, नुकतंच मोडलेलं हाड यांनी आकडा हलतो. आता तिच्या जोरावर निर्णय घ्या असं मोठ्या संघटना सांगत नाहीत.

त्यापेक्षा पाच प्रश्न विचारलेले बरे: औषध कशासाठी, किती वर्षं, जोडीला स्टेरॉइड आहे का, मधुमेह-तंबाखू आहे का, आणि तोंडात आत्ता पू आहे का. स्कॉटिश मार्गदर्शनात पाच वर्षांची रेषा आहे: हाडांसाठी पाच वर्षांपेक्षा कमी बिस्फॉस्फोनेट आणि स्टेरॉइड नाही, तर कमी धोका. कर्करोगासाठी असेल किंवा पूर्वी एकदा हा त्रास झाला असेल, तर थेट जास्त धोका.

शुश्रूषा

एक गोष्ट कळकळीने. "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं की लोक गोळ्यांची पिशवी काढतात. वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेलं इंजेक्शन त्या पिशवीत नसतं. सहा महिन्यांनी दंडात किंवा पोटावर घेतलेलंही नसतं. आणि पाच वर्षांपूर्वी बंद केलेली आठवड्याची गोळी तर कुणाच्या लक्षातही नसते, पण हाडात ती अजून आहे. म्हणून प्रश्न असा विचारा: "हाडांसाठी कधीही, अगदी पूर्वीसुद्धा, गोळी, सलाईन किंवा इंजेक्शन घेतलंय का? शेवटचं कधी?" घरच्यांनी एका कागदावर औषधाचं नाव, मात्रा, पहिली तारीख, शेवटची तारीख लिहून ठेवावी. त्या चार ओळींवर पुढचं सगळं ठरतं.

कवटीकर

जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या बाजूने लिहितो.

आधी हे स्वच्छ असू दे की "दात काढल्यामुळे हाड मेलं" हे वाक्य पुष्कळदा उलटं असतं. जो दात काढावा लागतो तो बहुतेक वेळा मुळाशी सडलेला किंवा हिरडीच्या आजाराने हललेला असतो. तिथलं हाड महिनोन् महिने जंतूंच्या संगतीत असतं आणि दात काढण्याआधीच काही भाग मेलेला असू शकतो. दात निघाला की ते उघडं पडतं इतकंच. या समजुतीमुळे निर्णय बदलतो: औषधाच्या भीतीने सडका दात ठेवणं म्हणजे धोका टाळणं नव्हे, तो व्याजाने वाढवणं.

पण दात वाचण्यासारखा असेल तर वाचवावाच. रूट कॅनल करताना सुई मुळाच्या टोकापलीकडे ढकलायची नाही, आणि रबर डॅमची (दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्याची) पकड हिरडीत रुतवायची नाही. वरचा भाग पार मोडलाय पण मुळाशी पू नाही अशा वेळी दात हिरडीच्या पातळीला कापून, रूट कॅनल करून, मुळं जागेवरच ठेवणं हाही चांगला मार्ग आहे. कर्करोगाच्या मात्रेत तर तो पहिला विचार असावा.

काढायचाच ठरला तर पद्धत अशी:

आधी आठवडाभर तोंड स्वच्छ करून घ्या. दातांवरचं कीटण काढा, क्लोरहेक्झिडीनच्या चुळा सुरू करा. ल्युक्सेटरने (पातळ पात्याच्या हत्याराने) दात हळू सैल करायचा, खालच्या दाढेची मुळं ड्रिलने वेगळी करून एकेक काढायची. सगळा जोर एका पकडीत लावून खोबणीची भिंत मोडली की तो तुटका काठ हाच पुढचा मृत तुकडा. हाडावरचं आवरण गरजेपुरतंच उचलायचं, कारण हाडाला बराचसा रक्तपुरवठा तिथून येतो. खोबणीतला दूषित मांसल भाग खरवडून काढायचा, सलाईनने भरपूर धुवायचं, बोटाला टोचणारा प्रत्येक काठ घासून गुळगुळीत करायचा. मग हिरडी ताण न देता जवळ आणून टाके. "ताण न देता" महत्त्वाचं: ओढून शिवलेली हिरडी चौथ्या-पाचव्या दिवशी फाटते आणि आधीपेक्षा मोठं हाड उघडं पडतं. तसं वाटलं तर आवरणाला आतून छेद देऊन हिरडी सैल करून घ्यायची.

अनेक दात काढायचे असतील आणि घाई नसेल तर आधी एका भागातला एक काढा, दोन महिने बघा, मग पुढे. खोबणीत रुग्णाच्याच रक्तातून केलेला फायब्रिनचा थर ठेवतात, त्याचे निकाल आशादायक आहेत. कृत्रिम हाडाची भुकटी मात्र नको.

निमखार

@कवटीकर, प्रतिजैविकाचं काय? स्कॉटिश मार्गदर्शन म्हणतं केवळ हा त्रास टाळण्यासाठी देऊ नका. तुम्ही लोक सरसकट अॅमॉक्सिसिलिन देता.

कवटीकर

सरसकट देऊ नये, इथे तुमचं बरोबर. चार वर्षं गोळी घेतलेल्या, बाकी धडधाकट माणसाची एक दाढ असेल तर गरज नाही. पण झोलेड्रोनिक ४ मिग्रॅ चालू असलेल्या, स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाच्या मुळाशी गळू असेल तर मी आदल्या दिवसापासून हिरडी मिटेपर्यंत देण्याच्या बाजूने आहे. ठोस पुरावा दोन्हीकडे तोकडा आहे हे मान्य.

निमखार

मग आपलं भांडण फक्त दुसऱ्या गटापुरतं. तिथे पुराव्याशिवाय आठवडे-आठवडे प्रतिजैविक हे मला अजूनही खटकतंच. असो.

पापुद्रा

काढल्यानंतर ओळखायचं कसं? दुखतं म्हणजे हेच, असं नसेल ना?

दंतवक्र

नाही. काळ बघायचा.

दात काढल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत, बरं वाटता वाटता अचानक कानापर्यंत ठणका, खोबण रिकामी, घाण वास: हे बहुधा ड्राय सॉकेट. रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. धुवून औषधी पट्टी भरली की एक-दोन आठवड्यांत शमतं. औषध चालू नसलेल्यांनाही होतं.

एमआरओएनजे बऱ्याचदा दुखतच नाही, आणि हाच त्याचा फसवेपणा. साधारणपणे तीन-चार आठवड्यांत खोबणीवर हिरडी मिटते. ती मिटली नाही, जिभेला खरखरीत काहीतरी लागतंय, आरशात पिवळट-पांढरं टणक दिसतंय, तर लगेच दाखवा. आठ आठवडे ही निदानाची रेषा आहे, घरी थांबून राहण्याची मुदत नव्हे. जास्त धोक्याच्या रुग्णाला मी तरी पहिला, चौथा आणि आठवा आठवडा अशा तीन तारखा आधीच देऊन ठेवीन.

हाड न दिसताही सुरुवात होऊ शकते. दाताचं कारण सापडत नसताना जबड्यात मंद दुखणं, निरोगी दात हलू लागणं, वरच्या बाजूला सायनस भरल्यासारखं वाटणं, याला आजाराची शून्य पायरी म्हणतात. साध्या एक्स-रेवर भरवसा नको, कारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात बदल दिसत नाही. महिने उलटूनही खोबण जशीच्या तशी दिसणं ही ओपीजीवरची (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवरची) ठळक खूण. किती पसरलंय ते सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) कळतं.

शुश्रूषा

यात एक भर, आणि ही चुकवू नका. खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूला बधिर झाली, मुंग्या आल्या, तर ते हाडातल्या नसेवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. पण कर्करोगाच्या रुग्णात तेच लक्षण जबड्यात गाठ पसरल्याचंही असतं. "औषधाने झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका, स्कॅन आणि गरज पडली तर तुकडा तपासणी हवी.

सळई

आणि एकदा झालंच तर? हाडाला हात लावायचा नाही, चुळा भरत राहायचं, असंच ऐकत आलोय.

कवटीकर

ती जुनी भूमिका. सुरुवातीच्या काळात भीती होती की जितकं कापू तितकं पुढचं हाड उघडं पडेल. आता मत बदललंय, मेलेला भाग पूर्ण काढून वर हिरडी नीट शिवली तर सगळ्याच पायऱ्यांत निकाल चांगले येतात. तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया नको.

पहिली पायरी, हाड उघडं पण दुखणं नाही, पू नाही: स्वच्छता, चुळा, टोचणारा काठ घासणं, दर काही आठवड्यांनी पाहणी. मेलेला तुकडा कधीकधी स्वतःच सैल होऊन सुटतो. हलणारा तुकडा चिमट्याने सहज निघत असेल तर काढावा, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरी पायरी, पू आणि दुखणं: प्रतिजैविक, वेदनाशामक, आणि संसर्ग आवरला की मृत भाग काढण्याचा विचार. पेनिसिलिन चालत असेल तर अॅमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा हा नेहमीचा पाया. नुसतं मेट्रोनिडॅझोल पुरत नाही, कारण या हाडांवर हटकून सापडणाऱ्या अॅक्टिनोमायसिस या जंतूंवर ते चालत नाही. तिसरी पायरी, जबडा मोडणं, गालावर भोक पडून पू येणं, सायनसशी वाट होणं: इथे मोठी शस्त्रक्रिया, प्रसंगी जबड्याचा तुकडा काढून पायाच्या फिब्युला हाडाने जोड.

कापताना कुठे थांबायचं? जिवंत हाडातून बारीक रक्त येतं, मेलेलं कोरडं आणि मळकट पांढरं. काही ठिकाणी आधी दहा दिवस डॉक्सिसायक्लिन देऊन निळसर प्रकाशात पाहतात: जिवंत हाड चमकतं, मेलेलं काळपट राहतं. काढलेलं सगळं पॅथॉलॉजीला पाठवायचं, विशेषतः कर्करोगाच्या रुग्णात.

मात्रा

औषधांच्या बाजूने दोन पूरक गोष्टी वापरल्या जातात. पेंटॉक्सिफायलिन ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जोडीला ई जीवनसत्त्व १००० युनिट. दुसरं, टेरिपॅराटाइड २० मायक्रोग्रॅम रोज. याने हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. पण हाडात कर्करोग पसरलेला असेल किंवा हाडाला किरणोपचार झालेले असतील तर टेरिपॅराटाइड चालत नाही, म्हणजे ज्यांना सगळ्यात गरज त्यांनाच बंद. पुरावा दोन्हींचा मर्यादित, मनाने सुरू करण्याजोगं यात काहीच नाही.

कडेचा पेशंट

चुळांबद्दल नीट सांगा ना कुणीतरी. सगळे "चुळा भरा" म्हणून मोकळे होतात.

शुश्रूषा

सांगते. दात काढल्याच्या दिवशी चूळ नाहीच, थुंकणंही जपून, गुठळी निघते. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्झिडीन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. ०.१२ टक्क्यांचं असेल तर १५ मिली, अर्धा मिनिट. जोरात खळखळून नाही. मान कलती करून जखमेवर राहू द्यायचं आणि तोंड उघडून गळू द्यायचं. टूथपेस्टनंतर लगेच घेऊ नका, फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा गुण कमी होतो, अर्धा तास मध्ये ठेवा. दात तपकिरी पडतील, चव काही काळ बिघडेल. डाग दंतवैद्याकडे निघतात.

उघडं हाड असेल तर तेही घासायचं असतं! लोक घाबरून तो कोपराच सोडतात आणि तिथेच थर साचतो. अगदी मऊ ब्रश किंवा चुळीच्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा. हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद-मीठ, लवंगेचं तेल थेट हाडावर लावू नका.

कवळी असेल तर ती रात्री काढून ठेवायचीच. खालची कवळी जिभेच्या बाजूला जिथे टोचते, तिथलं हाड दात न काढताही उघडं पडतं. फोड आला तर कवळी आधी काढा, मग घासून घ्यायला जा. सवय होईल म्हणून रेटू नका.

निमखार

अवांतर, पण चुकवू नये असं. हा आजार औषधांच्या आधीही होता. एकोणिसाव्या शतकात काडेपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबडे असेच सडत, आणि तिथेही ज्यांचे दात किडलेले त्यांना आधी. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींचा संप झाला तेव्हा या आजाराची मोठी चर्चा होती. १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आली. तोंड स्वच्छ ठेवा, सडके दात वेळीच काढा हे तेव्हाही सांगत असत.

पापुद्रा

भन्नाट माहिती. मग औषध सुरू करण्याआधीच तोंड तपासून घेतलं तर?

दंतवक्र

तेच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं. कर्करोगात पहिल्या डोसाआधी ओपीजी काढून, वाचणार नाहीत असे दात काढून, दोन ते तीन आठवडे हिरडी मिटायला द्यायची. हाडं झपाट्याने मोडत असतील किंवा रक्तात कॅल्शियम चढलं असेल तर तेवढं थांबता येत नाही, तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा. हाडांच्या गोळीसाठी एवढी घाई नसते. ती सुरू झाल्यावरही पहिल्या काही महिन्यांत राहिलेलं काम उरकता येतं.

आणि गोळीला घाबरून ती बंद करणाऱ्यांसाठी: दहा हजारांतल्या दोन-पाच जणांच्या भीतीने खुब्याचं हाड मोडायला सोडणं हा वाईट सौदा आहे. जबड्याचा त्रास बहुतेकांचा आटोक्यात येतो. म्हातारपणी खुबा मोडल्यावर कित्येक जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत.

सळई

शेवटचं. साफसफाई, दात भरणं, इम्प्लांट, यातलं काय चालतं?

कवटीकर

साफसफाई, भरणं, रूट कॅनल, कॅप: बिनदिक्कत, उलट जास्त नियमित करा. वर्षातून दोनदा तपासणी, कर्करोगाच्या मात्रेत तीन-चार महिन्यांनी. भूल द्यायलाही अडचण नाही.

इम्प्लांट: कर्करोगाची मात्रा चालू असेल तर नाही. हाडांच्या मात्रेत करता येतं, पण लेखी समज देऊन, आणि हे सांगून की बसल्यावर कित्येक वर्षांनीही त्याच्या भोवतालचं हाड मरू शकतं. तसं झालं तर इम्प्लांट मृत हाडाला घट्ट चिकटलेलाच बाहेर येतो. एक दात गेलाय आणि चावायला बाकीचे पुरेसे आहेत, तर मी ब्रिज किंवा मोकळी जागा सुचवेन. दात सरळ करायच्या तारा लावायच्या असतील तर दात हलायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो, जागाही पूर्ण मिटत नाहीत, हे आधी ठरवून घ्या.